आमेन

२०२४ च्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल-नसेल, मुलीच्या शाळेचं परिपत्रक मोबाइलवर आलं. सकाळच्या असेंब्लीत यापुढे रोज राज्यघटनेची उद्देशिका वाचली जाईल. ख्रिस्ती प्रार्थनेऐवजी सर्वांना म्हणता येईल अशी एक छोटी प्रार्थना असेल. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत चॅपल उघडं राहील. खाली मुख्याध्यापिका सिस्टरांची सही. मी तेव्हा कम्मनहळ्ळीत भाजीच्या गाडीपाशी उभी होते. हातात कोथिंबिरीची जुडी, आणि मनात एकच वाक्य : आता हेही गेलं.

संध्याकाळी मुलगी घरी आल्यावर मी जरा जपूनच विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

ती सातवीत होती. बूट काढता काढता म्हणाली, "वाईट कशाला? बरंच झालं. आता मला सारखं पुढे बोलावणार नाहीत."

तिच्या वर्गात बेचाळीस मुलं, त्यांत कॅथलिक चार. प्रार्थना सांगायची वेळ आली की बाईंची नजर त्या चौघांवर. आठवड्यातून एकदा धर्मशिक्षणाचा तास असतो. त्या तासाला हे चौघं दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जातात आणि उरलेले अडतीस जण मूल्यशिक्षणासाठी वर्गातच बसतात. "आम्ही उठलो की सगळे बघतात," ती म्हणाली. मागे एकदा एका मैत्रिणीने तिला विचारलं होतं, "तुम्हाला तिकडे वेगळं काय सांगतात?" ती म्हणाली, "काही नाही गं, कंटाळवाणं असतं." हे तिने मला सांगितलं तेव्हा आपण काही लपवलं असं तिला वाटलेलं नव्हतं. मला मात्र ते लागलं. कॅथलिक शाळेत मुलीचा धर्म आपसूक सांभाळला जाईल, ही माझी अकरा-बारा वर्षांची निश्चिंती होती. आणि ती मात्र तिथे आपण कमीत कमी कॅथलिक कसे दिसू, हे पाहत होती.

आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. मी वसईकडची, सामवेदी ख्रिस्ती. आमच्यातले लोक स्वतःला कुपारी म्हणवतात. नवरा मंगळूरचा, त्याची मातृभाषा कोंकणी, तीही कन्नड लिपीत लिहिली जाणारी. मी कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. केलं तेव्हा भाषांमधल्या सीमांवर तावातावाने बोलायचे. घरात मात्र आम्ही दोघांनी सोपा तोडगा काढला : मुलीशी इंग्रजी. देवाशीही इंग्रजी. चर्चमध्ये रविवारी इंग्रजी, तमिळ आणि कन्नड मिस्सा असतात, मराठी नाही. मिस्सेच्या भाषेवरून या शहरात कन्नड आणि तमिळ भाविकांमध्ये कित्येक दशकं वाद चालत आला आहे. त्या वादात आपली भाषा नाही, याचं मला कधी कधी हायसंच वाटे.

परिपत्रकामागचं कारण मला ठाऊक होतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. देशात कॅथलिक चर्चच्या सुमारे १४,००० शाळा आहेत. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, असेंब्लीत उद्देशिका वाचा, शाळेच्या आवारात सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा, असं त्यांत होतं. देशातली बदललेली सामाजिक, धार्मिक आणि राजकीय परिस्थिती हे कारणही त्यांत सांगितलेलं होतं.

ती परिस्थिती बंगळूरला नवी नव्हती. २०२२ च्या फेब्रुवारीत हिजाबच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की जिथे गणवेश ठरलेला आहे तिथे वर्गात धार्मिक वस्त्रं नकोत. त्यानंतर काही दिवसांतच शहरातल्या एका कॅथलिक कॉलेजात अमृतधारी शीख मुलीला पगडी काढायला सांगण्यात आलं. हिजाब काढावा लागलेल्या मुलींचं म्हणणं होतं, की नियम असेल तर तो सगळ्यांना असू दे. मुलीच्या घरच्यांनी नकार दिला. त्याच एप्रिलमध्ये इथल्याच एका ख्रिस्ती शाळेच्या प्रवेशअर्जावरून गदारोळ झाला. मुलाने वर्गात बायबल आणण्यास आमची हरकत नाही, असं त्यात पालकांकडून लिहून घेतलं जात होतं. या बातम्या वाचताना मी नेहमी एका बाजूला उभी असायची. पगडीच्या बातमीत त्या मुलीच्या बाजूला, बायबलच्या बातमीत शाळेच्या. आपण दोन ठिकाणी दोन न्याय लावतो आहोत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

परिपत्रकानंतरच्या शनिवारी पालकसभा झाली. पहिले उठले ते एक हिंदू गृहस्थ, आणि ते चिडले होते ते प्रार्थना बंद केली म्हणून. "आम्ही मुलगा इथे घातला तो या शिस्तीसाठी. तुमची प्रार्थना म्हटल्याने तो काही ख्रिस्ती झाला नाही. तुम्ही का घाबरता?" काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. मग मागच्या रांगेतून एक मुस्लिम बाई उठल्या. हळू आवाजात, कन्नडमिश्रित उर्दूत त्या म्हणाल्या, की माझ्या मुलालाही प्रार्थना आवडायची, तक्रार काही नाही. "फक्त शेवटी तो 'आमेन' म्हणत नाही. 'आमीन' म्हणतो. पहिलीपासून. मला म्हणाला, अम्मी, कुणाला कळत नाही."

सभेत हशा पिकला, प्रेमळच. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "तीस वर्षं मी असेंब्ली घेते आहे," त्या म्हणाल्या, "मला तो शब्द कधी ऐकूच आला नाही."

त्या रात्री मी माझ्या बालमैत्रिणीला फोन लावला. ती आता नालासोपाऱ्याला असते, शाळेत शिकवते. ती हिंदू सामवेदी घरातली. आमच्या वाड्या शेजारी-शेजारी, मधे नुसतं केळीचं कुंपण. आमची बोली एकच, कादोडी. कार्तिकात निर्मळच्या जत्रेला दोघी एकत्र जायचो, नाताळात ती आमच्याकडे. शाळाही एकच : चर्चने चालवलेली, मराठी माध्यमाची. परिपत्रकाची हकीकत सांगितली तेव्हा ती हळहळेल अशी माझी अपेक्षा होती. आमच्या शाळेतली सकाळ ती विसरली नसणारच. ओळीने उभं राहायचं, हात जोडायचे, प्रभूची प्रार्थना, मग राष्ट्रगीत. मी म्हटलं, "तुला तर सगळी पाठ होती. माझ्यापेक्षा चांगली म्हणायचीस."

"म्हणायचे ना," ती म्हणाली. "बाई ओठ बघायच्या. पण एक सांगू? शेवटचा शब्द मी कधी म्हटला नाही. गिळायचे. दहा वर्षं."

"आमेन?"

"हं."

"घरून सांगितलं होतं का कुणी?"

"छे. घरी कुणाला पत्ताच नव्हता. बाबांनी फॉर्मवर सही केलेली. मलाच वाटायचं, तो शब्द म्हटला की माझी पण सही झाली."

मी दहा वर्षं तिच्या शेजारी उभी होते. आमच्या दोघींची उंची सारखी म्हणून ओळीत जागा शेजारची. त्या एका शब्दाएवढी पोकळी मला कधी ऐकू आली नाही. ऐकू येणार तरी कशी, मी तो शब्द सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून फोन ठेवल्यावर त्या शब्दाच्या मागे लागले. आमेन मूळचा हिब्रू. जे पक्कं आहे, भरवशाचं आहे, त्याच्याशी नातं सांगणारं त्याचं धातुरूप. हिब्रू बायबलचा ग्रीक अनुवाद झाला तेव्हा अनुवादकांनी बहुतेक ठिकाणी त्याचं भाषांतर केलं, 'तसं होवो' अशा अर्थाचं. पुढे शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिली गेली तेव्हा मात्र तो तसाच ठेवला गेला आणि तिथून लॅटिन, पोर्तुगीज, मराठी, कन्नड असा अख्खा फिरला. इस्लाममध्ये 'आमीन' झाला. आपल्याकडे 'तथास्तु' आहे, पण तथास्तु देव म्हणतो, मागणाऱ्याला. आमेन माणूस म्हणतो. दुसऱ्याने उच्चारलेल्या प्रार्थनेखाली केलेली ती स्वतःची निशाणी आहे. सहा वर्षांच्या मुलाने आणि सात वर्षांच्या मुलीने हे कोशाशिवाय ओळखलं होतं. एकाने एक स्वर बदलला, दुसरीने शब्द गिळला. बाकी प्रार्थना त्यांनी शाळेला देऊन टाकली.

राज्यघटनेत या गोष्टीसाठी एक कलम आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या कुणालाही त्याच्या संमतीवाचून तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असं कलम २८ (३) सांगतं. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देणारं कलम ३० ही त्याच घटनेतलं. ही घटना करणाऱ्या समितीत फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट धर्मगुरूही सदस्य होते. आमच्या घरांत कलम ३० सगळ्यांना माहीत असतं. ते आमचं कलम. २८ (३) मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात एक बारीक गोष्ट आहे : विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी फॉर्मवर केलेली सही पुरेशी होती. कायद्याने तिला काही विचारायचं कारण नव्हतं. तिने आपलं उत्तर तरीही दिलं, रोज सकाळी, न बोलता.

मग मला माझाच प्रश्न पडला. मला तरी कुणी विचारलं होतं? माझा आमेन मोठा होता कारण तो आयता होता. शाळा आमची, फादर आमचे, ओळीत निम्म्याहून जास्त मुलं आमची. श्वास घ्यावा तसा तो शब्द निघायचा. श्वासाला कुणी संमती म्हणत नाही. आणि आता माझी मुलगी बेचाळिसांत चौथी होती, तिला तो शब्द जड जात होता, आणि तो शाळेने परत म्हणायला लावावा अशी माझी इच्छा होती. म्हणजे मैत्रिणीला जे सोसावं लागलं तेच इतर अडतीस मुलांनी सोसावं, का, तर माझ्या मुलीला ओशाळं वाटू नये. हे असं सरळ शब्दांत मांडल्यावर माझीच मला लाज वाटली.

आमच्याकडे जुनी माणसं १७३९ ची गोष्ट सांगतात. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर परदेशी धर्मगुरूही गेले. मंगळूरच्या माझ्या सासरी १७८४ ची गोष्ट सांगतात, टिपू सुलतानाने तिथल्या कॅथलिकांना श्रीरंगपट्टणला नेलं तेव्हाची. या गोष्टी शौर्याच्या म्हणून सांगितल्या जातात आणि त्यांतून कधी कधी नको ते वैरही झिरपतं. मी त्या पुन्हा आठवल्या त्या वेगळ्या कारणासाठी. तेव्हा गावोगाव कॅथलिक शाळा नव्हत्या. असेंब्ली नव्हती. मिस्सा होती तीही लॅटिनमध्ये. तरी धर्म राहिला, कारण तो अंगणातल्या क्रुसापाशी, संध्याकाळच्या माळेत आणि लग्नाच्या गाण्यांत होता. माझी आजी लाल लुगडं नेसायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तोवर तिचं अर्धं आयुष्य सरलं होतं. तोपर्यंत चर्चमध्ये ती न कळणाऱ्या लॅटिनला उत्तरं द्यायची आणि घरी येऊन मराठीत माळ म्हणायची. तिच्या 'नमो मरिया'ला बोलीचा हेल होता. तो हेल ऐकला की आम्ही खेळ टाकून घरात यायचो.

ही मराठी काही उसनी नव्हती. फादर स्टीफन्स या इंग्लंडहून आलेल्या जेझुइटाने गोव्यात बसून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. आमच्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांवर. आणि नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोधही झाला. त्या जुलैमध्ये, परिपत्रक येऊन महिना-दीड महिना झाला असताना, त्यांचं निधन झाल्याची बातमी आली. मी कपाटातून 'सुबोध बायबल' काढलं. लग्नात भेट मिळालेल्या चांदीच्या भांड्यांशेजारी ते जपून ठेवलेलं होतं. पानं एकमेकांना चिकटलेली.

ही माझी खरी स्थिती होती. दुसऱ्यांची पुस्तकं मी कन्नडमधून मराठीत आणत होते, आणि घरातली एक गोष्ट मराठीतून पुढे न्यायची होती ती शाळेवर सोडून दिली होती. शाळेने ती इंग्रजीत, घाऊक भावाने, बेचाळीस जणांना एकदम दिली. ती आता थांबली तेव्हा आपलं काही हिरावलं गेलं असं मला वाटलं. पण जे मी कधी दिलंच नव्हतं ते शाळा कुठून हिरावणार?

उद्देशिकेचंच पाहा. मुलीला ती इंग्रजीत पाठ झाली आणि एका संध्याकाळी तिने मला मराठी उद्देशिका दाखवायला सांगितली. तिथे तीन शब्द लागोपाठ येतात : विश्वास, श्रद्धा, उपासना. ती म्हणाली, "पहिले दोन एकच नाहीत का?" मी सांगितलं, "विश्वास ठेवायचा असतो, श्रद्धा असते, आणि उपासना करायची असते." जरा विचार करून ती म्हणाली, "शाळेत आम्ही फक्त तिसरं करायचो." तिला टोमणा मारायचा नव्हता. ती शब्द जुळवून पाहत होती, जसे मी पाहते.

तेव्हापासून जेवणाआधी आम्ही तिघं दहा मिनिटं बसतो. एक दिवस कोंकणी, एक दिवस मराठी. सुरुवात फजितीची होती. नवऱ्याला त्याच्या आईच्या प्रार्थनेतला एक शब्द आठवेना, म्हणून मंगळूरला फोन करावा लागला. मलाही मधली एक ओळ इंग्रजीतून उलटी आणावी लागली. मुलगी आम्हा दोघांना हसली. मग तिने ती प्रार्थना रोमन अक्षरांत वहीत उतरवून घेतली, मी ती देवनागरीत करून दिली. तिचा 'ळ' अजून 'ल' होतो. हेल तर माझाही गेलेला आहे.

पंधरा-वीस दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की मराठीच्या दिवशी ती सगळं म्हणते, फक्त शेवटी गप्प राहते. पहिल्यांदा वाटलं, भास असेल. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम कान दिला. नवऱ्याचा आमेन आला, माझा आला, तिसरा आला नाही.

विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. आईला विचारायचा हक्क असतो, घटनेनेही तो माझ्याकडेच दिला आहे. मैत्रिणीने गिळलेला शब्द मला समजला, त्या मुलाचा बदललेला स्वर मला आवडला. माझ्या घरातला न आलेला शब्द मात्र त्या रात्री मला झोपू देईना. तिला तो अजून परका वाटतो का? तिला शंका आहेत का? की त्या भाषेत आपण पाहुणे आहोत, सही करण्याइतके घरचे नाही, असं तिला वाटतं? यांतलं काहीही असू शकतं. मी जर विचारलं तर ती दुसऱ्या दिवशी तो शब्द म्हणेल, हेही मला माहीत आहे. ती गुणी मुलगी आहे. मी शाळेत होते तशी.

म्हणून मी विचारलेलं नाही. आम्ही रोज बसतो. मी माझा आमेन म्हणते, पूर्वीपेक्षा हळू, आणि मग उठून पानं घ्यायला लागते. तिच्या ओठांकडे पाहत नाही.